वाचकाचा विश्वास

आपल्या आंबिवलीशेजारील मोहने येथला एन. आर. सी. कारखाना २००९ सालीं बंद झाला. ज्या घरचा पगार थांबला, त्या घरांत सकाळचें वर्तमानपत्र करमणुकीसाठीं उघडलें जात नसे. कारखाना पुन्हां सुरू होणार काय, थकलेलीं देणीं केव्हां मिळणार, एवढेंच तेथें शोधलें जाई. अशा वाचकास गोड अंदाज नको असतात. बातमी कोणाकडून कळली व तिची खातरजमा झाली काय, हें त्यास हवें असतें. कारण येथेंच राहावयाचें कीं गांवीं परतावयाचें, हें तो तिच्यावरून ठरवीत असतो.

पुरावा न पारखतां छापलेल्या मजकुराची किंमत महाराष्ट्रानें फार पूर्वींच पाहिली आहे. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला. तो आगरकरांकडे, आणि त्याचें इंग्रजी भावंड ‘मराठा’ टिळकांकडे होतें. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत आहे, अशी वार्ता पुण्यास येई. त्यांतच तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्या हातचीं म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं, आणि त्यांच्या आधारें दोन्ही वर्तमानपत्रांनीं बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली. पत्रें बनावट ठरलीं! संपादकांनीं क्षमा मागितली, तरी जुलै १८८२ मध्यें त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचा जयजयकार केला.

येथें विचारी विद्यार्थी अडखळेल. चुकलेल्या संपादकांचें एवढें स्वागत कां? लोकांनीं त्यांचा हेतु पाहिला होता. स्वतःचा लाभ नसतां हे तरुण एका असहाय राजासाठीं बोलले होते. ती काळजीहि पोकळ नव्हती. पुढच्याच वर्षीं, १८८३ सालीं, महाराजांचा अहमदनगरास अंत झाला. तरीहि मला तो जयजयकार पुरेसा वाटत नाहीं. बर्व्यांसहि अब्रू होती, आणि तो मजकूर वाचून त्यांस दोषी मानणारा साधा वाचक फसलाच होता. हस्ताक्षर कोणाचें, हें छापण्यापूर्वीं पाहणें संपादकांचें काम होतें. तें वाचकास घरबसल्या करतां येण्यासारखें नव्हतें.

आज तसे कागद मोबाईलवर येतात, त्यांवर शिक्काहि असतो. कारखान्यांत आयुष्य घालविलेले एखादे आजोबा चष्मा पुसून तो कागद दोनदां वाचतात, आणि नातवास विचारतात, “पेपरांत आलें आहे का रे हें?”