वाचकांचे प्रश्न : नवरात्रापर्यंतची उसनवारी

प्रश्न : माहूरला रेणुकादेवीच्या गडाच्या वाटेवर माझे ओटीच्या सामानाचे दुकान आहे. मागे वडिलांच्या वेळच्या सहा खोल्या आहेत, त्या यात्रेकरूंना देतो. नवरात्र आणि दत्तजयंती या दोन सीझनवर वर्ष निघते. चैत्र सरला की श्रावणातल्या परिक्रमेपर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही. यंदा खोल्यांची दुरुस्ती काढली, त्यामुळे तीन लाखांची नड आहे. ओळखीचे एक गृहस्थ शेकडा तीनने द्यायला तयार आहेत. तारण म्हणून खोल्यांचे खरेदीखत करून द्यायचे, आणि दत्तजयंतीनंतर पैसे फेडले की ते उलट खरेदीखत करून देणार. माणूस सज्जन आहे. दोन वेळचे मुद्रांक शुल्क वाचविण्याचा काही मार्ग आहे काय? मंदीपुरती जीएसटी नोंदणी रद्द करावी, की दुकान बंद ठेवून पुण्याला नोकरी धरावी? – एक वाचक, माहूर

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. खरेदीखत आणि उलट खरेदीखत हे कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र विक्रीव्यवहार असल्याने शुल्क दोन्ही वेळा भरावे लागेल. परंतु ज्या गृहस्थाने मुद्रांकाची एवढी फिकीर केली त्याने, तो मुद्रांक ज्या कागदाला लागायचा त्या कागदाचा विचारच केलेला नाही, आणि वडिलार्जित सहा खोल्या तीन लाखांना विकल्या जात आहेत ही गोष्ट पत्रभर कोठेही आलेली नाही, हे पाहून मला आपल्या मंदीपेक्षा आपल्या निश्चिंतपणाचीच अधिक धास्ती वाटली.

खरेदीखत एवढेच सांगते की विक्री झाली, मोबदला पोहोचला, मालकी गेली. परत देण्याचा शब्द त्या दस्तात नसतो. तो ओसरीवर चहा घेताना दिलेला असतो, किंवा फार तर वेगळ्या कागदावर लिहिलेला असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 मध्ये सशर्त विक्रीच्या रूपाने होणारे गहाण सांगितले आहे खरे, पण 1929 च्या दुरुस्तीपासून परतीची अट त्याच विक्रीदस्तात लिहिलेली नसेल तर त्या व्यवहारास गहाण मानता येत नाही. आपले सज्जन गृहस्थ ती अट त्याच दस्तात लिहू देतात काय, एवढे एकदा विचारून पाहा.

नांदेड आणि लातूरच्या न्यायालयांत असे दावे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या वर्षी घरात आजारपण निघते किंवा लग्न ठरते, आणि मुद्दल तसेच राहून केवळ व्याज दिले जाते. दुसऱ्या वर्षी ‘कागद नीट असावा’ म्हणून भाडेचिठ्ठी लिहून घेतली जाते, जिच्यात व्याजाचीच रक्कम भाडे म्हणून दाखविलेली असते, आणि ऋणको स्वतःच्याच घरात भाडेकरू म्हणून सही करतो. पुढे नगरपंचायतीच्या दप्तरी मालकाचे नाव बदलते. आणि अखेरीस ते गृहस्थ वारल्यावर त्यांची मुले, ज्यांच्या कानी तो शब्द कधी पडलेलाच नसतो, दस्त दाखवून कब्जा मागतात. यात कोणी बेइमानी केलीच पाहिजे असेही नाही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा देण्यास कायदा सहसा मज्जाव करतो. दस्त केवळ दिखाऊ होता असे शाबीत करता येते, पण ते शाबीत करण्याची जबाबदारी आपली, आणि त्यात जाणारी वर्षेही आपलीच. शिवाय खोल्या वडिलांच्या असतील आणि आपल्याला बहिणी असतील तर त्यांच्या हिश्शाचा प्रश्न निराळाच.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला 9,000 रुपये, वर्षाला 1,08,000. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकारासही बिगरशेतकरी ऋणकोकडून तारणी कर्जावर सालीना 15 आणि विनातारण कर्जावर 18 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, व एकूण व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी तर तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. ज्या वाचकांनी असा दस्त आधीच करून दिला असेल त्यांनी याच अधिनियमाच्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे दरखास्त करावी. चौकशीअंती मालमत्ता कर्जाच्या तारणादाखलच गेली असे दिसल्यास दस्त अवैध ठरवून ती परत देवविण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र किती जुना व्यवहार उकरता येतो यास मुदत आहे, म्हणून दिरंगाई करू नये. आणि व्याज बँकेतून वा फोनपेवरून दिल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात, कारण रोख दिलेल्या व्याजाचा मागमूस राहत नाही.

आता आपल्या नडीविषयी. दुरुस्तीचा खर्च आणि मंदीतील घरखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आपण एका रकमेत कालविल्या आहेत. दुरुस्तीसाठी मुदत कर्ज घ्यावे; मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात 50,000 ते 5 लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. हप्ते मात्र दरमहा सारखे न घेता आश्विन ते मार्गशीर्ष मोठे आणि उन्हाळा-पावसाळ्यात केवळ व्याजापुरते बांधून मागावेत, आणि शाखाधिकारी प्रथम नकार देतील तेव्हा मागील दोन वर्षांची मुक्कामाची नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी. उद्यम नोंदणी निःशुल्क आहे, तिच्यासाठी दलालास दमडी देऊ नये. अगदीच तातडी असेल तर बँकेत सोने तारण ठेवावे; दागिना गेला तरी घर शाबूत राहते.

मंदीचा खर्च कर्जाने भागवायचाच नसतो. तो नवरात्राच्या गल्ल्यातून, इतर कोणाचेही देणे देण्याआधी बाजूला काढायचा असतो, आणि तोही बँकेत, कारण 5 लाखांपर्यंतचे ठेव विमासंरक्षण पतसंस्थेतील पिग्मीला लागू नाही. दुकान मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेस उघडे ठेवले तरी पुष्कळ झाले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पाल टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. ती यात्रा दत्तजयंतीच्या पाठोपाठ मार्गशीर्ष वद्यात येते, म्हणजे तिने सीझन लांबतो, पावसाळा भरून निघत नाही.

जीएसटी नोंदणी दरवर्षी रद्द करून दरवर्षी नव्याने घेणे हा पोरखेळ आहे; विक्री नसेल तेव्हा निरंक विवरणपत्र भरावे. पुण्याच्या नोकरीतून तेथील खोलीभाडे वजा जाता काय उरते, याचा हिशेब आपणच मांडावा.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात वेळ घेतली असेल तर ती आजच रद्द करावी, आणि बँकेने नकार दिल्यास तो लेखी मागून त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी.