नऊ एकांचा वर्ग आणि आपला कॉम्प्युटर

कॅल्क्युलेटर जरा बाजूला ठेवा. ११ चा वर्ग किती? १२१. १११ चा? १२३२१. आता एकदम नऊ एक घ्या. १११११११११ चा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकपर्यंत उतरायचं, अगदी जिन्यासारखं!

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. डोंबिवली स्टेशनवर ही कल्पना सुचली म्हणून हे नाव, असं सांगतात. ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते जगभर माहीत झाले.

ही संख्या १७ अंकी आहे. म्हणजे केवढी? इतके सेकंद जायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आपलं लोणार सरोवर ज्या काळ्या दगडात आहे, तो दगडसुद्धा साधारण साडेसहा कोटी वर्षांचाच आहे!

आता हा जिना तयार कसा होतो ते पाहू. गुणाकार कागदावर मांडा. तीच नऊ एकांची ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १ येतो, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ आणि मग परत कमी कमी. कुठेही हातचा येत नाही, म्हणून जिना टिकतो. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१.

अजून एक गंमत. नऊ एकांच्या वर्गाचे दोन तुकडे करा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज बरोबर ९९९९९९९९९! कारण १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. त्यामुळे त्याचा वर्ग म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९.

आता हाच गुणाकार कॉम्प्युटरला द्या. ‘सी’मध्ये डबल वापरलं तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ गेला! एक्सेल तर पंधरा अंकांनंतर सरळ शून्यं लावतं. कारण असं की डबलमध्ये अंकांसाठी ५३ बिट्स असतात. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की लगेच पुढच्या विषम संख्या त्यात बसतच नाहीत. ६४ बिट्सचं ‘लाँग लाँग’ वापरलं तर उत्तर बरोबर येतं.

पण चूक झाली हे कळणार कसं? शाळेतलं गणित पुरतं. विषम गुणिले विषम नेहमी विषमच, मग शेवटी ० कसा? दुसरी कसोटी ९ ची. खऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो. कॉम्प्युटरच्या उत्तराची ८०, म्हणजे जात नाही. झालं, चोर सापडला!

उद्या आपण पुलाचा लोड काढू, नाहीतर बँकेचं सॉफ्टवेअर लिहू. स्क्रीनवर आलं म्हणजे बरोबरच, असं धरून चालणार नाही. उत्तर तपासायची सवय आत्तापासूनच हवी.

आणि जाता जाता एक कोडं: दहा एकांच्या वर्गात चढताना ७ नंतर एकदम ९ येतो. मग ८ कुठे गेला? हातचे मांडून शोधा बरं!