मुलाखत कशी घ्यावी?

मुलांनो, या सत्रात प्रत्येकाने १९९० साली कुवेतमध्ये असलेल्या एका मराठी माणसाची मुलाखत घेऊन यायचं आहे. हवल्लीत अशी काका-मावशी मंडळी अजून भेटतात, पण एकेक जण निवृत्त होऊन परत चाललाय. तेव्हा चालढकल नको.

आधी थोडा अभ्यास. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय मायदेशी परतले. बहुतेक जण बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले आणि तिथून विमानाने मुंबईला. नकाशावर हा रस्ता बोटाने फिरवून पाहा, म्हणजे काका "अम्मान" म्हणाले की "ते कुठे आलं?" असं मध्येच विचारावं लागणार नाही.

आमच्या मुलीने इमारतीतल्या एका काकांना पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला भीती वाटली का?" काका म्हणाले, "वाटली की." संपलं! मग तिने विचारलं, "निघताना पिशवीत काय काय घेतलंत?" त्यावर काका अर्धा तास बोलले. पासपोर्ट, पदवीचं सर्टिफिकेट, खुबूस आणि घराची किल्ली. पंधरा दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं त्यांना. परतले ते १९९२ साली, तेव्हा ते घर राहिलं नव्हतं. किल्ली मात्र त्यांनी आतून आणून दाखवली.

आक्रमण झालं तो शुक्रवार होता, असं काका म्हणाले. तो गुरुवार होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चूक दिसली की लगेच बोट ठेवायची खोड! मी ठेवलं, आणि काकांचा धागा तुटला. तुम्ही तसं करू नका. वार-तारखा घरी येऊन तपासा आणि लिहिताना कंसात दुरुस्ती द्या.

पुढे एका मित्राचं नाव निघालं आणि काका गप्प झाले. मुलगी घाईने पुढचा प्रश्न वाचायला लागली, तिला मी खुणेने थांबवलं. मिनिटभराने काका आपणहून बोलू लागले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण दोन दिवसांनी तिने सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बाळ, मित्राचं तेवढं काढ." मुलगी हिरमुसली. प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं पान तेच होतं. तरी काढलं, आणि मोबाइलवरचं तेवढं रेकॉर्डिंगही पुसलं.

वही आणाल तेव्हा शेवटच्या पानावर "मला वाचून दाखवलं" असं लिहून त्याखाली काकांची किंवा मावशींची सही घ्या.