बुरशी : आधी पाहावी, मग औषध द्यावे

शिळ्या भाकरीवर आणि ओल्या चपलेवर येणारी बुरशी आपण सर्वांनी पाहिली आहे. मात्र ती माणसाच्या शरीरात खोलवर शिरते, तेव्हा ओळखणे कठीण जाते. अशा दोन रोगांचा परिचय मी येथे करून देत आहे.

पहिला रोग त्वचेचा. आमच्या बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकते. रोवणीच्या दिवसांत माणसे अनवाणी चिखलात उभी असतात. अशा वेळी पायात काटा मोडला, तर मातीतील जंतू त्याबरोबर आत जाऊ शकतात. काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, तेथे न दुखणारी गाठ येते. पाय सुजतो, छिद्रे पडतात आणि पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात. हाच 'मदुरा पाय'. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले व १८७४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. 'ग्रेज ॲनाटॉमी'तील मूळ चित्रेही त्यांचीच.

येथे दाण्याला महत्त्व आहे. काळा दाणा बहुधा बुरशीचा, लाल जिवाणूंचा. पांढरा-पिवळा दोहोंपैकी कोणाचाही असू शकतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी. जिवाणू असल्यास प्रतिजैविके चांगली लागू पडतात. बुरशी असल्यास इट्राकोनॅझोल महिनोन्‌महिने घ्यावे लागते, पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते. रोग हाडात पसरला, तर पाय कापण्याची पाळी येते.

दुसरा रोग म्युकरमायकोसिस. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड घेतलेल्या अनेकांना तो झाला. ही बुरशी नाकातून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते. लोक तिला 'काळी बुरशी' म्हणतात. पण काळे दिसते ते रक्तपुरवठा तुटून मेलेले मांस. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तेथे मांसाचा तुकडा पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून पाहतात. म्युकरचे तंतू रुंद व जवळजवळ पडदे नसलेले, तर ॲस्परजिलसचे अरुंद व पडद्यांचे असतात. ॲस्परजिलसवरचे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तेथे ॲम्फोटेरिसिन-बी द्यावे लागते आणि मेलेला भाग कापून काढावा लागतो.

तेव्हा मित्रहो, गाठ किंवा चट्टा हटत नसेल, तर दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून लावू नका. मलमाने वरची लाली जाते, आत बुरशी मात्र वाढतच राहते.