ड्रॉइंगमध्ये नसलेलं काम

चि. ओंकार,


मागच्या टप्प्याच्या फायलींनी कपाट भरलंय, पण हवं ते एकीतही मिळत नाही, ही तुझी मेट्रोच्या साइटवरची तक्रार कळली. ‘नासा’चंही असंच झालं होतं.

चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिनं असत. १९७३ नंतर ते रॉकेट उडालं नाही. चाळीसेक वर्षांनी हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रातले तरुण इंजिनिअर त्या इंजिनाचा अभ्यास करायला बसले. ड्रॉइंग शाबूत होती, पण इंजिन ड्रॉइंगबरहुकूम नव्हतं. वेल्डरांनी, फिटरांनी जोडणी करताना बारीकसारीक फेरफार केले होते. ते कागदावर उतरलेच नव्हते, आणि करणारे केव्हाच निवृत्त झाले होते. अखेर जपून ठेवलेलं इंजिन खोलून, सुटे भाग स्कॅन करून ते समजून घ्यावं लागलं. जानेवारी २०१३ मध्ये एफ-१चा गॅस जनरेटर पुन्हा पेटला.

मग सगळं लिहून ठेवलं की भागलं? तेही नाही. प्रकल्पांतून मिळालेले धडे नोंदवायला नासाने स्वतंत्र माहितीकोश केला होता. प्रकल्पप्रमुख तो क्वचितच उघडतात आणि त्यात भरही क्वचितच घालतात, असं २०१२ मध्ये त्यांच्याच महानिरीक्षकांना आढळलं. (आपल्याकडच्या हँडओव्हर रिपोर्टांचं काय होतं, ते तू पाहतोच आहेस.)

कोकण रेल्वेची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये महामंडळ निघालं ते रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधायला. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. १९९८ मध्ये मार्ग पुरा झाल्यावर महामंडळ गुंडाळलं असतं, तर तो अनुभव माणसांबरोबर पांगला असता. ते टिकलं. बांधलेला मार्ग त्यालाच सांभाळायचा होता. उद्या आपल्यालाच लागणार म्हटल्यावर माणूस नोंदी नीट ठेवतो. पुढे चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा रेल्वेपूलही याच महामंडळाच्या देखरेखीखाली उभा राहिला.

तेव्हा तू सगळंच लिहीत बसू नकोस. काम ड्रॉइंगपासून कुठे हटलं, का हटलं, कोणाच्या सांगण्यावरून, एवढं त्याच दिवशी तारखेसह लिही. काम संपल्यावर लिहिलेल्या अहवालात सगळेच शहाणे दिसतात. आणि मागच्या टप्प्यातला एखादा सुपरवायझर अजून शहरात असेल. त्याला या आठवड्यात चहाला बोलाव, त्या फायली समोर ठेव आणि कुठल्या पानावर काय लिहायचं राहिलं, ते विचारून घे.

तुझा,
काका