कान्हेरी : अरण्यातील नगर

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस महामार्ग ओलांडला, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. तेथून सुमारे सहा किलोमीटर वनातील वाट चालून गेले असता झाडीतून एक काळा डोंगर वर आलेला दिसतो. पायऱ्या चढून जावे, तो कातळातच खोदलेली दालने दिसू लागतात. दहा नव्हेत, वीस नव्हेत, शंभरांहून अधिक! हीच कान्हेरीची लेणी. प्राचीन लेखांत या स्थळास ‘कण्हसेल’, म्हणजे काळा डोंगर, असे म्हटले आहे.

सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. निजण्यास दगडी ओटे, सभेस प्रशस्त दालन, पूजेस चैत्यगृह. नगरात जे असावे ते सारे येथे होते. मात्र नदीकाठी वसलेले हे नगर नव्हे. मग इतक्या माणसांची तहान कशी भागत असे?

या प्रश्नाचे उत्तर लेण्यांच्या दारातच आहे. पाऊस चार महिने धो धो कोसळतो आणि उरलेले आठ महिने तोंड फिरवतो. म्हणून कारागिरांनी कातळाच्या माथ्यावर बारीक पन्हळी खोदल्या आणि वाहणारे पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत आणून सोडले. भव्य मूर्तींपुढे सारेच थबकतात. या पन्हळींकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. टाक्याला लेखांत ‘पोढी’ हा शब्द आहे. लेणे किंवा पोढी खोदविणाऱ्या दात्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. कोणी कल्याणचा, कोणी सोपाऱ्याचा, कोणी चौलचा. बंदरांवरील व्यापारात मिळालेले धन असे या निवांत अरण्यात येऊन पोचले.

तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळी दोघा व्यापारी बंधूंनी आरंभिले. त्यातील काही खांबांवर हत्तींचे सुरेख शिल्प आहे, तर काही अगदी साधे राहिले आहेत. काम का थांबले, हे खांब सांगत नाहीत.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील काही ओळी आहेत. इ. स. 1009 आणि 1021 मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी त्या कोरल्या. आज कोणी भिंतीवर नाव कोरले, तर त्यास शिक्षाच व्हावी. परंतु त्या जुन्या पाहुण्यांचे अभ्यासक आभारच मानतात. त्यांनी आपले नाव, पित्याचे नाव आणि आल्याची तिथी, एवढेच लिहून ठेवले आहे.