छपराची दिशा आणि सौरवीज : एका चुकीचा धडा

सौरपटलांपासून मिळणारी वीज पटलांच्या क्षमतेइतकीच छपराच्या उताराच्या दिशेवर अवलंबून असते. किलोवॅटमध्ये सांगितली जाणारी क्षमता दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पटलाचे तापमान २५ अंश सेल्सिअस अशा प्रमाणित स्थितीत मोजलेली असते. त्यामुळे उत्तर व दक्षिण उतारांवरील तीन किलोवॅटच्या दोन संचांची कागदावरची क्षमता सारखी असली, तरी वर्षभरात हाती येणारी वीज सारखी नसते.

पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर असल्याने तेथे माध्यान्हीचा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि या अडीच महिन्यांतील बराच काळ पावसाळी ढगांखाली जातो. याउलट डिसेंबरअखेर आकाश निरभ्र असताना माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. तेव्हा वीस अंश उताराच्या उत्तराभिमुख पटलावर थेट पडणारा प्रकाश तेवढ्याच उताराच्या दक्षिणाभिमुख पटलाच्या जवळपास निम्माच भरतो.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरी याची प्रचिती आली. दक्षिणेकडील उतारावर पाण्याच्या टाकीची सावली पडत असल्याने, टाकी हलवण्याचा खर्च वाचवण्यासाठी, सर्व पटले उत्तरेकडे बसवण्यात आली. मे महिन्यातील नोंदी समाधानकारक होत्या, परंतु डिसेंबरमध्ये स्वच्छ ऊन असूनही वीजनिर्मिती कमालीची घटली. यंत्रात कोणताही दोष नव्हता. जागेची निवड चुकली होती, आणि ती वेळीच न पडताळण्याची चूक लेखकाचीच होती.

महाराष्ट्रात दक्षिणेकडे तोंड असलेली, साधारण पंधरा ते वीस अंश कललेली पटले वर्षभराच्या हिशेबात सर्वाधिक लाभ देतात. सपाट गच्चीवर लोखंडी सांगाड्याच्या आधारे हे सहज साधते. दक्षिण उतार उपलब्ध नसल्यास पूर्व किंवा पश्चिम उतार निवडावा; मात्र दोन्ही वापरताना त्यांवरील पटले एकाच मालिकेत, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या साखळीत, घेऊ नयेत, कारण कमी ऊन मिळणारे पटल संपूर्ण साखळीचा प्रवाह रोखते. सावलीची पाहणी डिसेंबरच्या सूर्याचा विचार करून करावी, कारण तेव्हाची सावली सर्वांत लांब असते.

करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाने आपल्या छपराची दिशा आणि उतार नोंदवून बारा महिन्यांचा महिनावार निर्मिती-अंदाज लेखी मागावा. एकदा बसवलेली पटले पंचवीस वर्षे त्याच जागी राहायची असतात; टाकी हलवण्याचा खर्च मात्र एकदाच करावा लागतो.